आमेनमावशींचा अबोला

आमेनमावशींनी देवाशी अबोला धरला की ते आमच्या गल्लीला आपोआप कळायचं. एरवी सकाळी सातच्या ठोक्याला त्यांच्या खिडकीतून प्रार्थना ऐकू येई. अबोल्याच्या दिवसांत नुसती भांडी ऐकू येत, आणि तीही जरा जास्तच. मी भिंगारला त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या पहिल्याच महिन्यात एका रविवारी त्या अंगणात शांतपणे शेंगा सोलत बसलेल्या दिसल्या. मी सहज विचारलं, "मावशी, आज चर्चला नाही?"

"जानार हाय की. जाऊन बसनार, पन तोंड उघडनार न्हाई. गानी न्हाईत, आमेन न्हाई. कळू दे त्याला."

'त्याला' म्हणजे देवाला. त्याचं नाव त्या क्वचितच घेत, जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तशा. भांडणाचं कारण मी विचारलं, तर वॉर्डातल्या एका तरण्या बाळंतिणीसाठी त्यांनी महिनाभर गाऱ्हाणं घातलं होतं आणि ती वाचली नव्हती. तेव्हा त्या दवाखान्यात नर्स होत्या. हा अबोला अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी खिडकीतून पुन्हा आवाज आला, तेव्हा मी कुंपणावरून विचारलं, "मग, आधी कोण बोललं?"

"तोच की. मोठा हाय ना, मोठ्यानंच पडतं घ्यायचं असतं."

तो नेमकं काय बोलला हे त्यांनी सांगितलं नाही. नवराबायकोतल्या गोष्टी विचारू नयेत, एवढं मलाही समजत होतं.

आमेनमावशी हे नाव त्यांना गल्लीतल्या पोरांनी दिलं आणि पुढे मोठ्यांनी उचललं. खरं नाव लीलावती, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. ख्रिस्ती घरात वाढदिवस असो, बारसं असो, नवी मोटारसायकल असो, वडीलधाऱ्या माणसानं उभं राहून प्रार्थना करायची, बाकीच्यांनी डोळे मिटायचे आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं, हा रिवाज आहे. मावशींच्या प्रार्थनेला सुरुवात असे, मध्य असे, पुन्हा मध्य असे. केकवरची मेणबत्ती विझून जाई. पोरं एक डोळा उघडून केक जागेवर आहे ना ते बघत, आणि आमेनची वाट बघत.

सुरुवात शुद्ध बायबलच्या मराठीत व्हायची. "हे सर्वसमर्थ, परमदयाळू पित्या, आम्ही तुझी नालायक लेकरे तुझ्या चरणांशी येत आहोत." दोन वाक्यांत नालायक लेकरं संपत आणि काष्टीकडची माहेरची बोली सुरू होई. "तर काय झालंय, तुला सांगते..." देवाला या दोन्ही भाषा येत असाव्यात, कारण मावशींना तशी शंका कधी आली नाही.

या प्रार्थनांची गल्लीला थोडी धास्तीही होती. प्रार्थनेत माणूस देवाशी बोलत असतो, त्यामुळे मधे कोणी बोलायचं नसतं. आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो समोरच डोळे मिटून उभा असतो. "प्रभो, हा विलास. सोन्यासारखा मुलगा, पन संध्याकाळी ज्या दुकानापुढं उभा असतो ते दुकान तू बघितलंच असशील." विलास काय करणार? डोळे उघडले तर अधर्म, उत्तर दिलं तर महाअधर्म. एकदा चर्चच्या नव्या पाळकसाहेबांच्या घरभरणीला त्यांनी "आमच्या पाळकांना थोडक्यात सांगायची बुद्धी दे" अशी विनंती पाऊण तास केली होती. पाळकसाहेब भला माणूस. पुढच्या रविवारी वीस मिनिटांत आटपले.

मी देव मानत नाही. मी नगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवला आणि इतिहासात देवाच्या नावानं जे चाललं ते वाचून तो विषय माझ्यापुरता मिटवला. हे मी मावशींना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं. त्यांना वाईट वगैरे वाटलं नाही. माझ्या बायकोच्या आग्रहावरून त्या आमच्या घरी प्रार्थनेला आल्या, तेव्हा मला म्हणाल्या, "सर, तुमी डोळे मिटू नका. ग्यासवर दूध ठिवलंय, त्याच्याकडं बघा. विश्वास नसलेलं एक मानूस घरात लागतंच."

तेव्हापासून चर्चच्या मंडळीच्या घरगुती प्रार्थनांत डोळे उघडे ठेवणारा अधिकृत माणूस मी. उतू जाणारं दूध, रांगत दाराकडे निघालेलं मूल आणि चपलांवर टपलेलं कुत्रं ही तीन खाती माझ्याकडे होती.

एकदा मी त्यांना छेडलंच. म्हटलं, "मावशी, हा सगळा मनाचा खेळ आहे. तुम्ही तुमच्याच मनाशी बोलता आणि त्याला देव म्हणता."

त्यांनी विणकामाचा टाका पुरा केला. म्हणाल्या, "आसंल. पन सर, मी माझ्याशी बोलते ना, तवा दर वेळी माझंच बरोबर असतं. ह्याच्याशी बोलले की निम्म्या टायमाला मीच चूक निघते. मग तिथं माझ्याबिगर आनखी कोन तरी असनारच की."

या मुद्द्यावर जाडजाड ग्रंथ मी वाचलेले आहेत. त्या संध्याकाळी ते सगळे मी पुन्हा कपाटातून काढले.

आमच्या मागच्या खोल्यांत कुसुम राहायची. अंगणवाडीत मदतनीस. नवरा सुधाकर टेम्पो चालवायचा. त्यांची एकुलती मुलगी एस्तेर, बारावी होऊन कॉलेजात गेलेली, माझ्याकडून पुस्तकं नेणारी आणि परत आणून देणारी, म्हणजे दुर्मीळच. तिच्या जन्माच्या वेळी कुसुमचं बाळंतपण मावशींनीच केलं होतं, त्यामुळे एस्तेर त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. सुधाकरच्या किडन्या गेल्या तेव्हा घरात उपासतापास आणि प्रार्थना सुरू झाल्या. बाहेरगावचे कोणी ब्रदर होते, मोठमोठ्या मैदानांत आजार बरे करण्याच्या सभा घेणारे. त्यांनी सांगितलं की मुलीनं पूर्ण विश्वासानं मागावं, कोवळ्या जिवाचं ऐकलं जातं. एस्तेरनं अडीच महिने दुपारचं जेवण सोडलं. सुधाकर गेला. भेटायला आलेल्या ब्रदरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "देव समर्थ होता, मुली. विश्वास कुठं तरी कमी पडला."

त्या दिवसापासून एस्तेर बोलायची थांबली. कोणाशीच नाही. हाक मारली तर बघायची. जेवण चिमणीएवढं.

तिसऱ्या आठवड्यात गल्लीनं निदान केलं की पोरगी झपाटली. कोणी दर्ग्यावर न्यायला सांगितलं, कोणी मंगळवारच्या एका देवीला. भूत एक असलं तरी ते काढायला तीन धर्मांचे पत्ते विनामूल्य मिळतात, एवढा सलोखा आमच्याकडे आहे. मी कुसुमला म्हटलं, "मनाच्या डॉक्टरांना दाखवू. मी येतो बरोबर."

ती माझ्यावर उसळली. "सर, माझी पोरगी याडी न्हाई!"

तिचं दुःख मला कळत होतं आणि हिशेबही. भूत लागलं तर दोष भुताचा. मन आजारी पडलं तर दोष घराण्याचा. उद्या स्थळ बघायला येणारे लोक भुताला माफ करतात, गोळ्यांना करत नाहीत.

मग कळलं की ब्रदर शनिवारी दुपारी घरीच येणार आहेत. घरी आत्मा काढायचा आणि त्याच संध्याकाळी मैदानातल्या सभेत एस्तेरला स्टेजवर उभं करून साक्ष द्यायची, असं ठरलं होतं. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं. पोरगी बोलत नसल्यानं साक्ष ब्रदरच देणार होते. एकदा का ती त्या दिव्यांत उभी राहिली असती, की जन्मभर 'भूत काढलेली पोरगी' हेच तिचं नाव झालं असतं. मी मावशींकडे गेलो. त्या गॅलरीत बसून होत्या.

"मावशी, हे थांबवा. कुसुम तुमचं ऐकेल."

"न्हाई ऐकायची. नवरा गेलेली बाई हाय, तिला आशा पायजे. ती कोन देतंय ते ती बघत न्हाई." मग म्हणाल्या, "सर, मी काल तासभर एस्तेरसमोर बसले. तिच्या अंगात कोनी आलेलं न्हाई. तिनं अबोला धरलाय. त्याच्याशी. आनि त्याच्याशी बोलायचं न्हाई म्हंजे मग कोनाशीच कशाला बोला, असं झालंय तिचं. मला वळखू येतं ते. मी काय आज धरतीय व्हय?"

शनिवारी ब्रदर पांढऱ्या मोठ्या गाडीतून आले. बरोबर एक कॅमेरावाला आणि एक स्पीकर. दहा बाय बाराच्या खोलीत स्पीकर कशाला, असं मी विचारलं, तर कॅमेरावाला म्हणाला, "साहेब, इफेक्ट येतो." खोलीत कुसुम, चार बायका, मावशी आणि दाराशी मी. एस्तेर मधोमध सतरंजीवर मांडी घालून बसलेली, नजर जमिनीवर.

ब्रदरनी हात उगारून आभाळ फाटेल अशा आवाजात विचारलं, "तू कोण आहेस? बोल! तुझं नाव सांग!"

कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या, "एस्तेर. मी बाळंतपन केलंय, मला म्हाईत हाय."

एक बाई फिसकन हसली. ब्रदरनी स्मित केलं, तेच जे पोस्टरवर असतं. "आजी, मी त्या आत्म्याला विचारतोय."

"व्हय व्हय. पन ब्रदर, एवढं मोठं काम, आधी प्रार्थना नको का? मी करते. तुमी दमून आलाय."

प्रार्थनेला नको म्हणता येत नाही. निदान कॅमेऱ्यासमोर तरी नाहीच. ब्रदरनी मान झुकवली. सगळ्यांनी डोळे मिटले. कॅमेरावाल्यानंही मिटले. मी माझं नेहमीचं काम सुरू केलं.

"हे सर्वसमर्थ पित्या, स्वर्ग आणि पृथ्वी यांच्या उत्पन्नकर्त्या, आम्ही तुझी स्तुती करतो..." मग आवाज उतरला. "तर ही एस्तेर. तू वळखतोस तिला. अडीच महिने जेवन सोडून हिनं तुझ्याकडं बाप मागितला. तू दिला न्हाईस. का न्हाई दिलास, ते तुझं तुला ठावं. माझा उभा जन्म दवाखान्यात गेला, मला काय त्याचं उत्तर सापडलं न्हाई, आनि तू बी कधी दिलं न्हाईस. हिच्या अंगात कोनी आलं न्हाई, देवा. उलट हिच्यातलंच कोन तरी उठून गेलंय. ती तुझ्यावर रुसलीय. रुसू दे. तिचा हक्क हाय. लेकरानं बापावर न्हाई रुसायचं तर कोनावर? तू काय त्यानं बारीक होत न्हाईस. पन तिला एक सांग, मला सांगत हुतास तसं. तिचा विश्वास कमी न्हवता. मी बघितलाय तो. माझ्यापरीस जास्त हुता. आनि हे कोवळं लेकरू अर्धपोटी असताना ज्यानं तिला सांगितलं की तुझा विश्वास कमी पडला, तो मानूस ह्या खोलीत असंल तर त्याला क्षमा कर, प्रभो. पन लगीच करू नको."

एस्तेरचे डोळे मिटलेले होते. या वाक्याला तिच्या ओठांचा कोपरा हलला. मी मोजून दोनदा पाहिला.

मावशी थांबल्या नाहीत. त्यांनी कुसुमच्या कंबरेसाठी मागितलं. गल्लीच्या गटारासाठी मागितलं. गटारावर ज्यांनी मोठी गाडी लावलीय त्यांच्या ड्रायव्हरच्या दृष्टीसाठी मागितलं. ब्रदरनी एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं, माझी नजर भेटताच मिटला. मावशी कॅन्टोन्मेंटच्या पाणीपुरवठ्यापर्यंत पोचल्या. बाहेर ऊन भिंतीवरून खाली सरकलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

आणि मग एक घोगरा, गंजलेला आवाज आला.

"मावशी, बास ना आता. पायाला मुंग्या आल्यात माझ्या."

तीन आठवड्यांनी एस्तेर बोलली होती. कुसुमच्या तोंडून किंकाळी निघाली, तिनं पदर तोंडात कोंबला. कोणी हललं नाही. मावशींनी तर डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"झालंच गं. दोनच मिन्टं."

दहा मिनिटं लागली. पाणीपुरवठा अर्धवट सोडणं त्यांना बरं वाटलं नसावं. आमेन झालं तेव्हा एस्तेर हसत होती आणि रडत होती, आणि पोहे मागत होती. ब्रदरनी दोन्ही हात वर करून "हाल्लेलुया! आत्मा निघून गेला!" अशी घोषणा केली. संध्याकाळी स्टेजवर यायला एस्तेर आपल्या तोंडानं 'नाही' म्हणाली, आणि बोलत्या मुलीला ओढून नेता येत नाही. व्हिडिओ मात्र मोबाईलवर सगळीकडे फिरला, ब्रदरच्या नावानं, बहुतेक प्रार्थना कापून. मी चिडलो. मावशी म्हणाल्या, "लावू दे की नाव. ज्यानं केलं त्यानं कुठं लावलंय?"

मी त्यांना शाबासकी द्यायला गेलो होतो. म्हटलं, "मावशी, काय गुंडाळलंत त्या ब्रदरला! प्रार्थनेचा असा उपयोग मी इतिहासात वाचला नव्हता."

त्या माझ्यावर एवढ्या संतापलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "सर, मी गुंडाळायला बोलत न्हवते. मी त्याच्याशी भांडत हुते. खरंखुरं. तुमी डोळे उघडे ठेवलेत, म्हनून तुमाला नुसता ब्रदरच दिसला."

दोन दिवस त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत. पडतं मी घेतलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी कुसुमला समोर बसवलं. "तुला शुगर हाय, रोज गोळी घेतीस. साखरेचं भूत लागलं म्हनतीस का? न्हाई ना. मग चल." आणि एस्तेरला घेऊन त्या नगरला मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या. गोळ्या वर्षभर चालल्या. वेळेवर घेतल्या का, ते मावशी रोज सकाळी सातनंतर विचारत. देवाचं काम उरकून.

एस्तेर माणसांशी बोलायला लागली. कॉलेज झालं, नगरला नोकरी लागली, माझ्याशी राजकारणावर वाद घालायला लागली आणि जिंकायलाही. देवाशी मात्र बोलली नाही. दर रविवारी मावशींच्या शेजारी बाकावर बसायची, ओठ बंद. गाणी नाहीत, आमेन नाही. बायका मावशींना म्हणत, तुम्ही तरी तिला समजवा. मावशी म्हणत, "नवराबायकोत आनि देवमानसात तिसऱ्यानं पडू नये. घाई न्हाई. त्याच्याकडं टाइम लई हाय." पण एकदा माझ्याजवळ, टाके मोजता मोजता, म्हणाल्या, "मी हाय तवर मिटलं तर बरं हुतं, सर."

ते मिटायच्या आत मावशी गेल्या. गेल्या वर्षी, डिसेंबरात, दुपारच्या झोपेत. सकाळी सातला नेहमीसारखा आवाज आला होता. शेवटच्या दिवशी भांडण नव्हतं, याचं मला उगाच समाधान वाटलं.

दफनाला अख्खी गल्ली होती. दोन पुढाऱ्यांची भाषणं झाली. एकानं त्यांचं नाव लीलाबाई घेतलं, दुसऱ्यानं कलावती. फाटकाशी ब्रदरनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. त्यात मावशींचा फोटो पासपोर्टएवढा आणि ब्रदरचा स्वतःचा दाराएवढा. मग पाळकसाहेबांनी विचारलं, मंडळीतर्फे कोण प्रार्थना करील? कोणीच पुढे होईना. अशा वेळी जी बाई उभी राहायची ती पेटीत होती.

एस्तेर पुढे आली. कुसुमनं माझा हात घट्ट धरला.

"मी एस्तेर," ती म्हणाली. आवाज साधा, कोणाला तरी फोन लावल्यासारखा. "पुष्कळ दिवसांनी बोलतेय. तुझं-माझं मिटलेलं नाही. ते मी सोडणार नाही. पण आज मावशींचं सांगायचंय. त्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या चालत नाहीत. तिकडे पायऱ्या असल्या तर हात दे. चहात साखर दोन चमचे, त्या एकच सांगतील. आणि दवाखान्यात दगावलेल्या माणसांचं त्यांना विचारायचंय तुला. सगळ्यांचं विचारू दे. मधे बोलू नकोस."

एवढंच. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. लोकांनी मूठमूठ माती टाकली आणि पांगायला लागले. मीही निघालो. फाटकाशी कुसुम थांबली होती, लेकीची वाट बघत. एस्तेर मागेच राहिली होती, शेजारच्या थडग्याच्या कट्ट्यावर बसलेली.

"एस्तेर, चल की गं!" कुसुमनं हाक मारली. "समदे गेले."

एस्तेरनं मागे न बघता हात वर केला. थांब, म्हणून. तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.